विश्वाचा कानोसा : रेडिओ-खगोलशास्त्राचा परिचय

ध्वनिविचाराच्या तासाला एकदा एका विद्यार्थ्याने एक ध्वनिमुद्रण ऐकविले. घड्याळाच्या लंबकासारखी एकसारखी 'टक् टक्' त्यात ऐकू येत होती. हा एका ताऱ्याचा आवाज आहे, असे त्याने सांगितले आणि विचारले, "सर, याचा समावेश ध्वनिशास्त्रात करावयाचा की नाही?" वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तारा 'बोलतो' आणि आपण 'ऐकतो' या दोन्ही विधानांतील क्रियापदे कितपत खरी आहेत, हा भाषेच्या अभ्यासकाने तपासावयाचाच प्रश्न आहे. तो तपासताना रेडिओ-खगोलशास्त्राच्या गेल्या नव्वद वर्षांच्या इतिहासाकडे पाहावे लागले. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फलित होय. लेखक भौतिकीचा अभ्यासक नाही, ही मर्यादा वाचकांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावी.

१. 'ऐकणे' या शब्दाविषयी

आपल्याकडे आकाश आणि शब्द यांचे नाते फार जुने आहे. वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. पुराणांतील आकाशवाणी वक्त्याशिवाय उमटते. पुढे हाच शब्द नभोवाणी-केंद्रांना देण्यात आला व तो मराठीत रुळला. या पार्श्वभूमीमुळे 'ताऱ्याचा आवाज' हा शब्दप्रयोग आपल्या कानाला सहज पटतो. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की, ध्वनी म्हणजे हवेसारख्या माध्यमातील दाबाचे तरंग. माध्यम नसेल तेथे ध्वनी नाही. ताऱ्यांच्या दरम्यानच्या अतिविरळ पोकळीतून आपल्या कानाला ऐकू येईल असा कोणताही ध्वनी पृथ्वीपर्यंत पोहोचू शकत नाही.

पोहोचतात ते विद्युच्चुंबकीय तरंग. प्रकाश, क्ष-किरण आणि रेडिओ-तरंग ही एकाच कुळातील भावंडे असून त्यांच्यात भेद आहे तो तरंगलांबीचा. सर्वांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर. आपले वातावरण यांपैकी बहुतेकांना अडविते. त्याला दोनच मोठ्या खिडक्या आहेत. एक दृश्य प्रकाशाची. डोळा आणि काचेची दुर्बीण तिच्यातून पाहतात. दुसरी रेडिओ-तरंगांची; ती साधारणपणे एक सेंटिमीटरपासून पंधरा-वीस मीटर लांबीच्या तरंगांपर्यंत उघडी असते. त्याहून लांब तरंगांना वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युद्भारित थर परतवून लावतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत मनुष्यजात विश्वाकडे केवळ पहिल्या खिडकीतून पाहत होती.

दुसऱ्या खिडकीशी बसलेला शास्त्रज्ञ कानाला यंत्र लावून बसत नाही. तबकडीवर पडलेले तरंग एका बिंदूपाशी एकवटतात, तेथील ग्राहक त्यांचे रूपांतर क्षीण विद्युत्दाबात करतो, तो दाब कित्येक पटींनी वाढविला जातो, आणि अखेरीस त्याचे आकडे होतात. त्या विद्यार्थ्याने ऐकविलेली टकटक ही त्या आकड्यांच्या चढउताराला ध्वनिक्षेपकाने दिलेला आवाज होता. आलेख काढला असता तर तीच गोष्ट डोळ्यांनी दिसली असती. म्हणजे शब्दशः अर्थाने येथे ऐकणे नाही. तरीही मराठीत 'ऐकणे' याहून एक नेमका शब्द आहे: कानोसा घेणे. रात्री अंगणात काही वाजल्यासारखे वाटले तर आपण श्वास रोखतो, वाऱ्याची सळसळ, रातकिड्यांची किरकिर आणि घरातल्यांची कुजबुज मनातल्या मनात वजा करतो, आणि उरेल त्याकडे लक्ष देतो. रेडिओ-खगोलशास्त्राची कार्यपद्धती हीच आहे. वजा काय करावयाचे आणि उरलेले कोणाचे, हे ठरविणे हाच या शास्त्रातील खरा अवघड भाग होय.

२. चार मिनिटांचा फरक

अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओद्वारे दूरध्वनी करण्याची सोय नुकतीच झाली होती आणि संभाषणात खरखर फार येत असे. तिचे मूळ शोधण्याचे काम अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे सोपविले. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे त्याने सुमारे तीस मीटर लांबीचा आकाशक उभारला. त्याला फोर्ड मोटारीची चाके लावली होती व तो वीस मिनिटांत एक फेरा पूर्ण करी. १४.६ मीटर लांबीचे तरंग तो टिपत असे.

जान्स्कीने खरखरीचे तीन वर्ग पाडले. जवळच्या वादळांतील विजा, दूरच्या वादळांतील विजा, आणि तिसरी एक मंद, अखंड फुसफुस, जिचे मूळ कळेना. तिची दिशा दिवसभर फिरत असे. प्रथम त्याला वाटले की तिचा उगम सूर्यात असावा, कारण त्या हिवाळ्यात दोघांची दिशा जुळत होती. परंतु जसजसे महिने लोटले तसतशी ती सूर्याला मागे टाकून दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येऊ लागली. महिन्याकाठी हा फरक दोन तासांचा होतो. तिचा फेरा चोवीस तासांचा नव्हता, तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा होता.

सूर्याच्या संदर्भात पृथ्वीचे एक आवर्तन चोवीस तासांचे. ताऱ्यांच्या संदर्भात ते सुमारे चार मिनिटांनी लहान असते. यास नाक्षत्र दिवस म्हणतात. कारखाने, मोटारी आणि माणसांचे सारे व्यवहार सौर घड्याळाने चालतात. नाक्षत्र घड्याळाने चालते ते केवळ आकाश. अर्थात ही फुसफुस सूर्यमालेच्या बाहेरून येत असली पाहिजे. जान्स्कीने हा निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. तिचा जोर धनुराशीच्या दिशेने, म्हणजे आकाशगंगेच्या मध्याकडे, सर्वाधिक होता.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे कार्ल व्हर्नरची आठवण व्हावी. जर्मानिक भाषांतील व्यंजनपरिवर्तनाच्या ग्रिमच्या नियमाला काही अपवाद होते व ते 'अनियमित' म्हणून बाजूला ठेवले गेले होते. संस्कृत 'पिता' आणि 'भ्राता' या शब्दांत त-कार एकच आहे. पण गॉथिकमध्ये त्याच्या जागी दोन भिन्न व्यंजने येतात. 'पिता' मध्ये उदात्त स्वर दुसऱ्या अक्षरावर, तर 'भ्राता' मध्ये पहिल्यावर, या भेदाशी अपवादांची सांगड घालून व्हर्नरने १८७७ मध्ये दाखवून दिले की, अपवाद स्वैर नव्हते. ते दुसऱ्याच एका नियमाने चालत होते. जान्स्कीची फुसफुस अशीच होती. गोंगाट या सदरात टाकलेल्या वस्तूला स्वतःचे घड्याळ होते.

दुर्दैवाने त्या काळी याचे महत्त्व ओळखणारे थोडे. जान्स्कीला दुसऱ्या कामावर लावण्यात आले व १९५० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. आज रेडिओ-स्रोतांच्या तीव्रतेच्या एककाला त्याचे नाव आहे. त्याचे काम पुढे नेले ग्रोट रेबर या अभियंत्याने. १९३७ मध्ये त्याने इलिनॉयमधील व्हीटन या गावी आपल्या घराच्या परसात साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी स्वतः उभारली. मोटारींच्या ठिणग्यांचा उपद्रव रात्री कमी होई, म्हणून तो रात्री निरीक्षणे करी. तप्त वस्तूच्या उत्सर्जनाच्या नियमाप्रमाणे आखूड तरंग अधिक जोरदार मिळावयास हवे होते. तेथे त्याला काहीच मिळाले नाही. सुमारे दोन मीटर लांबीच्या तरंगांवर मात्र आकाशगंगा स्पष्ट उमटली. यावरून हे उत्सर्जन केवळ उष्णतेचे नसावे असे दिसले. अतिवेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना ते निर्माण करतात, हे स्पष्टीकरण पुढे आले.

३. कागदावरील पाव इंच

दुसरे उदाहरण केंब्रिजचे. १९६७ मध्ये जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत होती. सुमारे साडेचार एकरांवर खांब व तारा रोवून केलेला आकाशक बांधण्यात तिचाही हात होता. त्याची नोंद पेनाने कागदाच्या पट्टीवर होई. दररोज सुमारे शंभर फूट कागद निघे आणि तो सर्व ती डोळ्यांनी वाचीत असे. त्या शेकडो फुटांत एके ठिकाणी जेमतेम पाव इंचाची एक खुरटी नोंद तिला खटकली. ती ओळखीच्या स्रोतासारखी नव्हती आणि पार्थिव उपद्रवासारखीही नव्हती. जुने कागद धुंडाळता, आकाशाच्या त्याच भागातून असेच काही पूर्वीही आल्याचे दिसून आले. नोंद नाक्षत्र घड्याळ पाळीत होती.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी कागद वेगाने सरकवून नोंद घेतली, तेव्हा त्या खुरट्या खुणेच्या पोटात दर १.३३७ सेकंदाला एक असे एकसारखे स्पंद दिसले. इतकी नियमितता निसर्गात कोणाच्या पाहण्यात नव्हती. दूरच्या ग्रहावरील बुद्धिमान प्राण्यांचा हा संदेश तर नव्हे, अशी शंका अर्धी थट्टेने, अर्धी गंभीरपणे घेतली गेली व त्या स्रोताला 'लहान हिरवी माणसे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे टोपणनाव म्हणून देण्यात आली. डिसेंबरात बेलला आकाशाच्या अगदी निराळ्या भागात दुसरा स्पंदक सापडला आणि शंका फिटली. दोन ठिकाणचे प्राणी एकाच काळी एकाच पद्धतीने संदेश पाठवितील, हे संभवनीय नव्हते. हे स्पंदक म्हणजे वेगाने गिरक्या घेणारे न्यूट्रॉन तारे होत. सूर्याहून अधिक द्रव्य जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात ठासलेले, आणि दीपगृहाच्या झोतासारखी त्यांची शलाका फिरताना दरवेळी आपल्यावरून जाते. आजवर ज्ञात असलेल्यांपैकी सर्वांत वेगवान स्पंदक सेकंदाला ७१६ गिरक्या घेतो. त्याचे स्पंद ध्वनिक्षेपकात सोडले तर टकटक न ऐकू येता मानवी आवाजाच्या पट्टीतील एक अखंड सूर ऐकू येईल.

या शोधासाठी १९७४ चे नोबेल पारितोषिक ह्यूइश यांना मिळाले. त्यात मार्टिन राइल यांचाही वाटा होता. कागद वाचणारीला ते मिळाले नाही. पुढे २०१८ मध्ये जोसेलिन बेल बर्नेल यांना तीस लक्ष डॉलरचे एक पारितोषिक देण्यात आले व ती रक्कम त्यांनी भौतिकीच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिली.

घड्याळाची हीच कसोटी उलट दिशेनेही काम करते. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून एक विचित्र, क्षणिक स्फुरण नोंदले जाई. दूरवरून येणाऱ्या स्पंदाप्रमाणे त्याचे आखूड तरंग आधी व लांब तरंग नंतर पोहोचल्याचा भास होई. परंतु ही स्फुरणे नेमकी दिवसा, माणसांच्या कामाच्या वेळांत येत. २०१५ मध्ये उलगडा झाला. वेधशाळेतील सूक्ष्मतरंग-भट्टीवर कोणी अन्न गरम करीत असता, भट्टी थांबण्यापूर्वीच तिचे दार उघडले की हे स्फुरण उमटत असे. त्याच दुर्बिणीच्या नोंदींतून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली दूरच्या दीर्घिकांतील क्षणिक रेडिओ-स्फुरणे मात्र खरी ठरली आहेत. दोहोंचा आकार जवळजवळ एक; भेद होता तो केव्हा व कोठून याचा. आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर भेद वितरणाचा होता.

४. ज्या गोंगाटाला घड्याळच नव्हते

वितरण पुरेसे असते, तर हे शास्त्र तुलनेने सोपे झाले असते. १९६४ मध्ये त्याच होल्मडेल गावी आर्नो पेन्झिआस व रॉबर्ट विल्सन हे उपग्रह-संदेशवहनासाठी बांधलेला एक प्रचंड कर्ण्याच्या आकाराचा आकाशक खगोलीय मापनासाठी तयार करीत होते. ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर त्यांना अपेक्षेपेक्षा सुमारे साडेतीन केल्विन इतका जादा गोंगाट मिळाला. तो दिवसा व रात्री सारखाच होता. ऋतू बदलले तरी बदलत नव्हता. आकाशक कोणत्याही दिशेला वळविला तरी तेवढाच राही.

घड्याळ नसलेल्या, दिशा नसलेल्या गोंगाटाचा उगम कोठे शोधावयाचा? साहजिकच आपल्या यंत्रात. त्यांनी सांधे तपासले. कर्ण्यात कबुतरांच्या एका जोडीने घरटे केले होते. ते काढले, विष्ठा खरवडली, कबुतरे दूर पाठविली. ती परत आली. गोंगाट जेथल्या तेथे राहिला. त्याच आकाशकावर १९६१ मध्ये दुसऱ्या एका अभियंत्याच्या मापनातही सुमारे तीन अंशांची तफावत आली होती. पण ती मापनाच्या संभाव्य चुकीत सामावून गेली.

जवळच्याच प्रिन्स्टन येथे रॉबर्ट डिकी व त्यांचे सहकारी, विश्वाचा आरंभ अतितप्त अवस्थेतून झाला असेल तर त्या उष्णतेचा निवालेला अंश आजही सर्वत्र असला पाहिजे, असा विचार करून तो शोधण्याच्या तयारीत होते. दोन्ही गटांची गाठ पडली आणि १९६५ मध्ये गोंगाटाला अर्थ मिळाला. विशेष म्हणजे राल्फ आल्फर व रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच असे उत्सर्जन सुमारे पाच केल्विनचे असेल, असे भाकीत केले होते. ज्यांच्याजवळ ग्राहक होता त्यांना भाकीत ठाऊक नव्हते. आज त्याचे मान २.७२५ केल्विन ठरले आहे. जुन्या रेडिओवर दोन केंद्रांच्या मधल्या जागेत जी खरखर येई, तिच्यात या आदिम उष्णतेचाही एक अत्यल्प अंश मिसळलेला असे.

पेन्झिआस-विल्सन यांचे उदाहरण मला सर्वांत उद्बोधक वाटते. काळजीपूर्वक ऐकणे त्यांच्याकडे होते. त्यांच्या चिकाटीशिवाय ती साडेतीन अंशांची तफावत ठामपणे उभीच राहिली नसती. परंतु नुसत्या ऐकण्यातून अर्थ निघाला नाही. तो निघाला ऐकलेले एका व्यवस्थेत बसल्यावर. मराठी माणूस 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतील ज-कार निरनिराळे उच्चारतो: पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. लिपी तो भेद दाखवीत नाही. परभाषिकाच्या कानावर तो भेद पडतो, पण त्याला तो उच्चारातील किरकोळ कमीअधिकपणा वाटतो. कान दोघांचेही सारखेच. व्यवस्था एकापाशीच असते.

५. हायड्रोजनची रेषा आणि तिचे स्थानांतर

व्यवस्था आधी व ऐकणे नंतर, असेही घडते. १९४४ मध्ये, नेदरलंड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, लायडनच्या हेंड्रिक व्हॅन द हूल्स्ट यांनी गणिताने दाखविले की, हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनची परिवलनदिशा उलटताना २१ सेंटिमीटर लांबीचा तरंग बाहेर पडला पाहिजे. एकट्या अणूत ही घटना सरासरीने एक कोटीहून अधिक वर्षांत एकदा घडते. पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका विपुल आहे की, त्याचा एकूण नाद सतत चालू राहावा. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्ड येथे हॅरोल्ड यूअन व एडवर्ड पर्सेल यांना तो १४२० मेगाहर्ट्‌झवर मिळाला. सोस्यूरने तरुणपणी केवळ व्यवस्थेच्या आधारे मूळ भारोपीय भाषेत काही लुप्त वर्ण गृहीत धरले आणि १९२७ मध्ये कुरिलोविचने हित्ती भाषेतील ह-काराशी त्यांचा संबंध जोडला; त्या घटनेशी हिचे साम्य उघड आहे.

या रेषेचे मोल तिच्या निश्चिततेत आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेतून निघालेला तरंग वाटेत ताणला जातो. जेव्हा तो निघाला तेव्हापासून विश्व दुप्पट झाले असेल, तर २१ सेंटिमीटरचे ४२ होतात व १४२० चे ७१०. सर्व तरंग एकाच प्रमाणात ताणले जातात. त्यात एकाला एक न्याय व दुसऱ्याला दुसरा, असे होत नाही. 'हस्त'चा 'हत्थ' व पुढे 'हात', 'सप्त'चा 'सत्त' व पुढे 'सात', 'दुग्ध'चा 'दुद्ध' व पुढे 'दूध'. बदल नियमित आहे म्हणूनच आपण त्यावरून मागे जाऊ शकतो. ज्ञात रेषा किती सरकली हे मोजून खगोलशास्त्रज्ञ तरंग कोणत्या काळात निघाला ते सांगतो. या साम्याला मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. भाषिक बदलाचा वेग स्थिर नसतो, त्यामुळे आपल्याला क्रम मिळतो, वर्षे क्वचितच. खगोलशास्त्रज्ञाला, विश्वाच्या प्रसरणाचे गणित मान्य केल्यास, वर्षेही मिळतात.

६. कल्याण, उटी, खोडद

येथे विषय आपल्या अंगणात येतो. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी ऑस्ट्रेलियात शिक्षण घेत असताना पाहिलेल्या, तेथे निरुपयोगी ठरलेल्या, सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या भारताला भेट मिळाल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने त्यांनी १९६५ मध्ये त्या मुंबईजवळ कल्याण येथे उभारल्या व सूर्याचा अभ्यास सुरू केला. १९७० मध्ये त्यांची उटीची दुर्बीण पूर्ण झाली. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असे हे पन्हाळे अकरा अंशांच्या उतारावर बसविले आहे. त्या स्थळाचे अक्षांशही अकराच; त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला आणि ती एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्यांचा मागोवा घेता येऊ लागला.

त्यानंतरचे पाऊल म्हणजे पुण्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावाजवळील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; त्यांपैकी चौदा मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दूरच्या तबकड्या शेतांमधूनच उभ्या आहेत.

इतका पसारा कशासाठी? दुर्बिणीची तीक्ष्णता तरंगलांबी व व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. २१ सेंटिमीटरवर केवळ आपल्या उघड्या डोळ्याइतके तीक्ष्ण दिसावे, तरी सुमारे सातशे मीटर व्यासाची तबकडी लागेल. एवढी तबकडी फिरविणे अशक्यप्राय. येथे दोन कानांचा दाखला उपयोगी पडतो. आवाज डावीकडून आला की उजव्या कानाला तो किंचित उशिरा पोहोचतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान अशा त्या अंतरावरून आपण दिशा ओळखतो. दूर ठेवलेल्या दोन तबकड्यांवर तोच तरंग केव्हा केव्हा पोहोचला, हे पडताळले की त्या दोघींमधील अंतराएवढ्या मोठ्या दुर्बिणीची तीक्ष्णता मिळते. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तसतशा आकाशाच्या संदर्भात जोड्यांच्या दिशा बदलतात व एका अवाढव्य काल्पनिक तबकडीची रिकामी जागा हळूहळू भरत जाते. ही पद्धत मार्टिन राइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली.

तबकड्यांच्या बांधणीतील युक्तीही जाणण्यासारखी आहे. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. पोलादी तारांची विरळ जाळी दोरखंडांनी ताणून तिला पसरट वाडग्याचा आकार दिला आहे. तरंग वीत-हातभर लांबीचा असेल तर बोटभर छिद्रे त्याला दिसत नाहीत. त्याच्या दृष्टीने जाळी म्हणजे आरसाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो व खर्च पुष्कळ वाचतो.

या दुर्बिणीवरील एक अलीकडचे काम माझ्या विषयाला विशेष लागू आहे. सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजनची रेषा इतकी क्षीण असते की, कोणत्याही एका दीर्घिकेची रेषा गोंगाटात बुडून जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७,६५३ दीर्घिकांच्या नोंदी, प्रत्येकीचे स्थानांतर हिशेबात घेऊन, एकावर एक ठेवल्या. गोंगाट स्वैर असल्याने परस्परांना खोडत गेला, रेषा ठरलेल्या जागीच असल्याने साठत गेली, आणि २०२० मध्ये त्या काळच्या सरासरी दीर्घिकेतील वायूचे प्रमाण प्रथमच मिळाले. तो वायू तारे घडविण्यास शंभर ते दोनशे कोटी वर्षेच पुरला असता, असे दिसले. विश्वातील तारकानिर्मिती पुढे का मंदावली, याचे एक कारण त्यातून हाती येते.

७. शांततेचा प्रश्न

जे ऐकावयाचे ते किती क्षीण असते? पृथ्वीवरचा एखादा साधा मोबाइल फोन चंद्रावर नेऊन सुरू केला, तर रेडिओ-आकाशातील मोजक्या प्रबळ स्रोतांत त्याची गणना होईल. मग तबकडीपासून चार किलोमीटरवर असलेल्या मनोऱ्याचे काय? खोडदची जागा निवडताना डोंगरांचा आडोसा व मानवी उपद्रवाचा अभाव हे दोन्ही पाहिले होते. त्यानंतर मोबाइल सर्वत्र पोहोचला. विजेच्या तारांवरील ठिणग्याही उपद्रव देतात. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा हायड्रोजनसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी राखून ठेवलेला आहे. त्यात कोणीही प्रक्षेपण करावयाचे नाही. परंतु ताणलेली रेषा राखीव पट्ट्यात थांबत नाही. आठशे कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन सातशे मेगाहर्ट्‌झच्या आसपास येतो, आणि तेथे माणसांची गर्दी आहे. डोंगर आडवे येत नाहीत अशा वरच्या बाजूनेही आता उपद्रव होऊ लागला आहे. शेकड्यांनी सोडलेल्या उपग्रहांच्या विद्युत्-यंत्रणेतून अनुद्दिष्ट तरंग गळतात, हे २०२३ मध्ये युरोपातील एका दुर्बिणीवरील निरीक्षणांनी दाखवून दिले.

यावर उपाय म्हणून उपद्रव ओळखून तत्क्षणी वगळणाऱ्या यंत्रणा बसविल्या जातात. त्या अपरिहार्य आहेत. एवढा मजकूर आज कोणी शंभर फूट कागदावर वाचू शकत नाही. पण येथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्याही शास्त्राला लागू आहे. वगळण्याचा नियम ज्ञात गोष्टींवरून केलेला असतो. १९६७ मध्ये अतिनियमित स्पंद कोणालाही मानवनिर्मितच वाटला असता. नियमाने चालणाऱ्या यंत्राने बेलचा तो पाव इंच बहुधा उपद्रव म्हणून पुसून टाकला असता. बोलभाषेचे नमुने टिपताना आपणही 'अं', 'म्हणजे', 'हं' यांना कित्येक वर्षे काट मारली. संभाषण पुढे चालते ते बव्हंशी त्यांच्या आधारे, हे फार उशिरा ध्यानात आले; तोवर जुन्या नोंदींतून ते नाहीसे झालेले होते.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी जे उत्तर दिले, ते येथे नमूद करतो. ती टकटक वाणी नव्हे. तिला वक्ता नाही, उद्देश नाही, आणि ध्वनी तर आपण दिलेला आहे. ध्वनिशास्त्रात तिचा समावेश होणार नाही. तथापि ती ज्या रीतीने सापडली ती रीत आपल्या अभ्यासक्रमात अवश्य असावी. उरलेले फेकण्यापूर्वी त्याचे घड्याळ तपासावे; घड्याळ सापडले नाही तर आधी आपले यंत्र स्वच्छ करावे; ते स्वच्छ करूनही काही उरले तर दुसऱ्या शास्त्राच्या दारात जाऊन विचारावे; आणि मूळ नोंद, तिच्यातील खरखरीसह, पुढच्यासाठी जपून ठेवावी. विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदची वेधशाळा लोकांना पाहावयास खुली असते. इच्छुक विद्यार्थ्यांनी तेथे जरूर जावे. जाताना आपले मोबाइल बंद करावेत, एवढी मात्र विनंती आहे.